तिच्या आवाजाखालचा आवाज

माणसाच्या मानेवर कोयता बसल्याचा आवाज मी आयुष्यात चाळीसेक वेळा तरी तयार केला असेल. तो माझा धंदाच होता. पडद्यावर जे दिसतं, त्याचे सगळे आवाज चित्रीकरणात नीट येत नाहीत. ते मागाहून स्टुडिओत बसून करावे लागतात. मानेसाठी मी कोहळा वापरायचो. सिंगापुरात पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये कोहळ्यांची रांग लागली की बायको विचारायची, "अहो, सांडगे घालणार आहात की खून करणार आहात?"

खून, असं मी हसत सांगायचो.

सार्सची साथ येऊन गेल्यावर दोनेक वर्षांनी कांगोची एक नटी आमच्या वन-नॉर्थच्या स्टुडिओत आली. वय चाळिशीचं. चित्रपटाची नायिका तीच, निर्मातीही तीच. एक भागीदार सिंगापूरचा होता म्हणून आवाजाचं काम आमच्याकडे आलं होतं. मी तिला गावावरच्या हल्ल्याचा प्रसंग ऐकवला. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"इंजिनिअर, हे फळ आहे. हाड कुठंय?"

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून बोकडाच्या फासळ्या आणल्या, ओल्या टॉवेलात गुंडाळल्या. सुरा तिनंच घेतला. खांद्यापासून हात फिरवून तिनं तो इतक्या जोरानं मारला की खालची फळी फुटली.

"पहिला घाव आवाज करतो," ती म्हणाली. "दुसरा तसा करत नाही. तोवर माणूस भिजलेला असतो."

तिला हे कसं माहीत, ते मी विचारलं नाही. मी विचारणाऱ्यातला नाही. ती आपणहूनच सांगायची, दोन टेकच्या मधे, चहाच्या कपात बिस्कीट बुडवत. किन्शासात एका नाटकमंडळीत नाचायला गेली म्हणून बापानं केसांना धरून गल्लीभर ओढलं होतं. टीव्हीवर सवतीला विष घालणारी बाई केली, तर बाजारातल्या बायकांनी खरोखरीची सवत समजून लाकडी पेटीनं डोकं फोडलं. "माझं पहिलं बक्षीस," असं म्हणून तिनं केस बाजूला करून व्रण दाखवला. मग एका परदेशी चित्रपटात मोलकरीण. चार वाक्यं, त्यातली तीन 'हो, मॅडम'. मालकानं थोबाडीत मारायचा प्रसंग होता. दिग्दर्शकाला खरी थोबाडीत हवी होती, आणि ती अकरा वेळा हवी होती. नवव्या वेळी तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. उरलेल्या दोन तिनं तशाच खाल्ल्या.

"मार चुकणार नव्हताच. निदान तो कशासाठी खायचा हे आपण ठरवावं, म्हणून निर्माती झाले."

हा चित्रपट एका खऱ्या बाईचा होता. कांगोच्या पूर्वेकडच्या एका गावातली बाई. हल्ल्यात तिच्या नवऱ्याला आणि दोन मुलांना तिच्यासमोर तोडलं, एक मुलगी तेवढी वाचली. तिला बंदुकीच्या दस्त्यानं गळ्यावर मारलं आणि मेली समजून टाकून गेले. मारणारे लांबचे नव्हते, पलीकडच्या वस्तीतलेच होते. तिनं त्यांची नावं सांगितली होती, आणि चित्रपटात त्यांना ओळखता येईल असं बरंच काही होतं. ती जिवंत राहील ते एकाच गोष्टीवर: हे कुणी सांगितलं, ते त्यांना कळता कामा नये.

नटीनं तिच्याकडे महिनाभर राहून तिचं सगळं टेप केलं होतं. त्या टेप तिनं माझ्या हातात दिल्या.

"हे फक्त तुझ्या कानांसाठी. तिच्या घरातली शांतता कशी आहे ते ऐक. यातला एक श्वाससुद्धा चित्रपटात जाणार नाही. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून शब्द दिलाय."

"नाही जाणार," मी म्हणालो.

टेपमध्ये ती बाई उखळात पाला कुटताना गुणगुणत होती. गळा फुटल्यापासून तिचा सूर मधेच अडकायचा, बारीक शीळ वाजायची आणि पुढे जायचा. नटीनं ते गुणगुणणं महिने घालवून बसवलं होतं. पडद्यावर शेवटच्या प्रसंगात ती तसंच करते. उत्तम करायची. पण मी मूळ ऐकलेलं होतं ना. मूळ ऐकल्यावर हातांना चैन पडेना.

आमच्या कामात हे सगळे करतात. एका आवाजाखाली दुसरा घालतात, म्हणजे वरचा भरतो. वाऱ्याखाली जनावराची गुरगुर, दाराखाली तोफ. ऐकणाऱ्याला कळत नाही, नुसता काटा येतो. मी नटीच्या गुणगुणण्याखाली त्या बाईचं गुणगुणणं घातलं. अगदी खाली, आणि डाव्या बाजूला.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. डाव्या बाजूला. तिचा कुठला कान गेलाय ते मला माहीत होतं.

हेडफोनवर शेवटचं एकत्र ऐकताना ती रडली. "हे मी केलं?"

"तुम्हीच," मी म्हणालो.

त्या प्रसंगासाठी तिला एका महोत्सवात पारितोषिक मिळालं. मी स्टुडिओत सगळ्यांना केक खायला घातला.

नटीचा फोन आला तेव्हा आम्ही घरचे ईस्ट कोस्टला हॉकर सेंटरवर जेवत होतो, रविवारी दुपारी. ती शांतपणे सांगत होती. चित्रपटाच्या चोरट्या प्रती पूर्वेकडच्या शहरात पोचल्या होत्या. एका व्हिडिओ हॉलमध्ये शेवटचा प्रसंग लागला आणि एक माणूस उठून उभा राहिला. म्हणाला, ही तर ती शीळवाली. दुसऱ्या सकाळी चौघे तिच्या घरी गेले. बाई उखळाशीच होती. आधी मनगटं तोडली, मग मान. मुलगी पाण्याला गेली होती म्हणून वाचली.

मला फासळ्या आठवल्या. ओला टॉवेल आठवला.

"मी तिला इतकी हुबेहूब उचलली की ती मेली," नटी म्हणाली. "इंजिनिअर, खरं सांग. माझ्या आवाजाला तू काही केलंस?"

"नाही," मी म्हणालो. "तो सगळा तुमचाच."

"पपा, युअर साते गेटिंग कोल्ड, लाह," माझी मुलगी म्हणाली. मी जाऊन बसलो आणि काडीवरचं ते भाजलेलं मांस खाल्लं. सगळं खाल्लं.

तिनं अभिनय सोडला. चित्रपट काढत राहिली, पण कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. कुणीतरी मुलाखतीत कारण विचारलं तेव्हा म्हणाली, माझ्या अभिनयानं माणूस मरतं. मी ते वाचलं आणि कामाला लागलो. चार वर्षं अशीच काढली. मग तिचंच पत्र आलं. नवा चित्रपट आहे, आवाज तूच कर. भूमिका खरं तर माझी होती, पण एका पोरीला दिलीय. मी आता ते करत नाही, तुला माहीतच आहे.

ते 'तुला माहीतच आहे' वाचून मी फोन लावला आणि सांगितलं. डाव्या बाजूसकट सांगितलं.

ती म्हणाली, "वाजव. फक्त माझा."

मी खालचा आवाज बंद करून तिचा एकटीचा फोनला लावला. पूर्ण.

"ही मी?"

"हो."

"म्हणजे मी तेवढी चांगली नव्हतेच."

"तसं नाही, तुम्ही फार..."

"गप्प बस." तिचा आवाज चढला तो तेवढाच. "चार वर्षं मी आरशासमोर तोंड उघडलं नाही. खून तू केलास आणि मुंडकं माझ्या ओटीत ठेवलंस. वर म्हणालास, सगळा तुमचाच."

मी गप्प बसलो. त्यात माझा हातखंडा.

"तिची मुलगी माझ्याकडे आहे," ती शेवटी म्हणाली. "आईचं तिच्याकडे काही नाही. घर जाळलं ना. त्या टेप पाठव. सगळ्या. आणि त्यांना हात लावायचा नाही. साफसुद्धा करायच्या नाहीत."

पाठवण्याआधी मी त्या एकदा ऐकल्या. खरखर होती, कोंबडा होता, मुसळ होतं. शेवटच्या टेपच्या टोकाला ती बाई कुणाला तरी काहीतरी विचारते आणि उत्तर यायच्या आत फीत संपते. तिची भाषा मला येत नाही. तेही तसंच पाठवलं.