गोटेअण्णांचं फूल

माझ्या थोरल्या भावाला अख्खा टेंभी नाका गोटेअण्णा म्हणायचा, कारण ते कुंड्यांत दगड लावून त्यांची निगा राखत. निदान लोकांना तरी ते दगडच वाटत. कोलशेतहून मीठ विकायला येणारा म्हातारा ओट्यावर टेकला की हटकून विचारी, "काय अण्णा, यंदा धोंडं किती पिकलं?" अण्णा गंभीरपणे सांगत, "अजून कोवळे आहेत."

अण्णा मुंबईच्या गोदीत कारकून होते. आफ्रिकेच्या टोकाकडून आलेल्या एका खलाशानं त्यांना ही पाच झाडं दिली होती. करडी, सुपारीएवढी, मधोमध एक चीर. खऱ्या गोट्यांत ती मिसळून अण्णा पाहुण्यांना म्हणत, "ओळखा." बहुतेक जण नेमका गोटाच उचलत. पाण्याच्या बाबतीत मात्र अण्णा भारी कडक. "हे झाड उपाशी मरत नाही, लाडानं मरतं," असं ते बजावत.

झाडाचं नाव त्यांनी एका जाणकार साहेबाला पत्रानं विचारलं होतं. फूल आल्याशिवाय नाव सांगता येणार नाही, असं उत्तर आलं. तेव्हापासून कुंडीत नावासाठी कौलाचा एक कोरा तुकडा खोचलेला होता. फुलाची वाट पाहण्यात सहा वर्षं गेली.

एकदा कुंड्यांतला मुरूम बदलायचा म्हणून अण्णांनी झाडं तबकात काढून ठेवली आणि गोदीच्या कामासाठी अचानक आठ दिवस पुण्याला गेले. कुंडीबाहेर ती वहिनीला ओळखू आली नाहीत; नवऱ्यानं नर्मदेचे बाण, शंकराच्या पूजेचे गोटे, आणले असं समजून तिनं ती देव्हाऱ्यात मांडली आणि रोज पंचामृतानं न्हाऊ घातली. अण्णा परतले तेव्हा चार झाडांचा लगदा झाला होता. पाचवं देव्हाऱ्यामागे घरंगळलं म्हणून कोरडं राहिलं. वहिनी रडरड रडली. अण्णा लगदा तबकात गोळा करत म्हणाले, "पंचामृत पिऊन गेले. असं मरण कोणाला मिळतं?"

त्या पाचव्याला वहिनीनं डोळ्यांत तेल घालून जपलं. दिवाळीनंतर मी माहेरी असताना एका दुपारी ती ओरडली, "वन्सं, धावा!" चिरेतून पिवळंजर्द फूल आलं होतं, झाडाहून मोठं. पण अण्णा मुंबईत, आणि दिवेलागणीला ते घरी येईतो फूल मिटलेलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी जन्मात पहिल्यांदा रजा घेतली. दुपारी फूल पुन्हा उमललं आणि माझा भाऊ लहान मुलासारखा टाळ्या पिटत हसला. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

संध्याकाळी कौलावर चुन्यानं काहीतरी लिहिलेलं दिसलं. वहिनीला वाचता येत नसे. "साहेबानं काय नाव दिलं हो?" तिनं विचारलं. मी वाचलं, "यमुना." बायकोचं नाव अण्णांनी लग्नानंतर कधी तोंडातून काढलं नव्हतं. वहिनी लाजून लाल झाली. "पुसा म्हणावं, कुणी बघेल!"

कोणी पुसलं नाही. पावसाळ्यात चुना उडे, दिवाळीनंतर अण्णा अक्षरं पुन्हा गिरवत. ते गेले त्या वर्षी मी जड मनानं कुंडीपाशी गेले. कौलावर ताजा चुना होता. अक्षरं तीच, फक्त वेडीवाकडी. वहिनी लिहायला शिकली होती.