आजीचं माहेर कोणतं?

ही गोष्ट मी घरीही सांगितलेली नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या सहीच्या एका कागदामुळे एका मुलीचं नर्सिंग गेलं. त्या कागदावर एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हणूनच मला कोणी पकडलं नाही.

मी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये क्लार्क आहे. जातीचा दाखला पडताळायचा तर आजोबा-पणजोबांचा जुना पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेले नसतील, तर आधार एकच, कोतवाल पंजी. पूर्वी गावात जन्म किंवा मृत्यू झाला की कोतवाल त्याची नोंद करवून घेई. बापाचं नाव, जात, गाव, तारीख. त्या वह्या आमच्याकडे कापडी बस्त्यांत बांधलेल्या असतात.

तुळशीराम तिरोड्याकडचा धानाचा शेतकरी. मोठी मुलगी भूमेश्वरी हिच्यासाठी त्याला त्याच्या वडिलांची, सुखरामजींची, जन्मनोंद हवी होती. मी त्यांच्या गावची पंजी काढली, तीन वर्षांची पानं पाहिली. नोंद नव्हती.

तो भडकला. भर ऑफिसात म्हणाला, "असन कशी नाही? तुमीच पान हरवलं असन. दिवसभर चाय पिऊन राहता, दुसरं काय करता?"

सगळे हसले. मला ते फार लागलं.

आमच्या कामात एक प्रश्न पहिल्या वर्षीच शिकवतात. नोंद सापडली नाही तर विचारायचं, आजीचं माहेर कोणतं? पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून बाळाची नोंदही माहेरच्या गावच्या पंजीत पडते. सुखरामजी आईचे पहिले, हे तुळशीरामनेच सांगितलं होतं. मला प्रश्न माहीत होता. तोंडाशी आलाही होता. तो मी गिळला आणि लिहिलं, "शोध घेतला असता नोंद आढळून आली नाही."

भूमेश्वरीची राखीव जागा रद्द झाली. पुढल्या वर्षी तिचं सडक अर्जुनीकडे लग्न झालं. हे मला शिपायाकडून कळलं. मी 'अरेरे' म्हटलं आणि फाइल बंद केली.

गेल्या वर्षी तुळशीराम पुन्हा आला. आता धाकटी चेतना. ॲडमिशनला तीन आठवडे उरलेले. सोबत काठी टेकत सुखरामजी होते. तुळशीरामचा आवाज या वेळी खाली होता. त्याने अर्जाला माझाच जुना कागद जोडला होता.

"साहेब, एक बार अजून पाहा जी. मागच्या वेळी मी जास्त बोललो. मनावर घेऊ नका."

तो माझी माफी मागत होता. मी मान वर केली नाही. सुखरामजींना विचारलं, "बाबाजी, तुमच्या आईचं माहेर कोणतं?"

म्हातारबुवांनी लगेच गाव सांगितलं. सालेकसा तालुक्यात, कचारगडाच्या वाटेवर. मग म्हणाले, "माय मी दोन वर्साचा असताना गेली. बापानं दुसरी केली. मग तिकडं कोणी गेलं नाही. तुमी कायले विचारता?"

भूमेश्वरीच्या वेळीही हे उत्तर इतकंच जवळ होतं.

मी रजा टाकली आणि त्यांच्यासोबत तिकडच्या रेकॉर्ड रूमला गेलो. चौथ्या बस्त्यात नोंद मिळाली. बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, जात बरोबर. मुलाचं नाव मात्र नव्हतं. नोंद बारशाआधीच होई, म्हणून रकान्यात नुसतं 'मुलगा'. तो मुलगा म्हणजे सुखरामजीच, असं सांगणारं मामाकडचं माणूस हवं होतं.

गावात विचारत गेलो. मामाचा मुलगा दामाजी अंगणात सूप विणत बसला होता. सत्तरीचा असेल. तुळशीरामने ओळख सांगितली. दामाजी सुखरामजींकडे बघतच राहिला. मग आत ओरडला, "अवो, पाणी आणा! घरचा भाचा आला!"

आमच्याकडे भाच्याला देवासारखा मान. बहिणीचा मुलगा साऱ्या घराचाच भाचा, वयाचा हिशेब नसतो. दामाजीने ऐंशीच्या त्या भाच्याचे पाय स्वतः धुतले आणि डोकं टेकवलं. "माझा बाप मरेपर्यंत बोलत होता. बहिणीचं लेकरू नेलं, मंग कोणी दाखवलं नाही म्हणे."

"मले कोणी आणलंच नाही रे," सुखरामजी म्हणाले. "माझी माय दिसाले कशी होती?"

"मी कुठं पाहिली? पन बाप म्हने, हसली का गालाले खळी पडे."

सुखरामजींनी स्वतःचा गाल चाचपला. दामाजीची बायको म्हणाली, "दात कुठं राहिले आता, खळी पाहाले!" सगळे हसले, तेही हसले आणि हसताहसता रडू लागले.

निघताना दामाजीने माझे हात धरले. "साहेब, तुमच्यामुळं भाचा भेटला." मी हात सोडवून घेतले.

शपथपत्र झालं. चेतनाला वेळेत दाखला मिळाला, ॲडमिशन झाली. माझ्याकडे राहिलेली नोंदीची नक्कल न्यायला तिच्यासोबत भूमेश्वरी आली होती. आता ब्लाउज शिवते म्हणाली. नोंदीवरून बोट फिरवत तिने विचारलं, "साहेब, माझ्या वेळी हे पुस्तक नव्हतं का जी?"

मी म्हणालो, "दुसऱ्या तालुक्यातलं ना ते. तेव्हा लक्षात आलं नाही."

तिने मान हलवली. "होते असं," म्हणाली, आणि वर माझे आभार मानून गेली.

नव्या क्लार्कना मी आता सांगतो, अर्जदार कितीही बोलला तरी माहेर विचारा. रागाच्या भरात रजिस्टर बंद करू नका. ते मान डोलावतात.

भूमेश्वरीला खरं उत्तर द्यायचं माझ्याकडे राहिलं आहे. ते तिच्या घरी जाऊन, तिच्या तोंडावर द्यायचं आहे. मी अजून गेलेलो नाही.