देवीजवळ ठेवलेली वाचा

हसायचं तर खुशाल हसा, पण हातातला चहाचा कप आधी खाली ठेवा. कारण हे ऐकून आमच्या ह्यांना असा ठसका लागला होता, की त्यांना ट्रक बाजूला घेऊन उभा करावा लागला.

मी एकवीस दिवस मुकी होते. आजारानं नाही, स्वतःच्या अकलेनं.

आमचा सोहम पावणेतीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. "अं" म्हणजे पाणी, "अं अं" म्हणजे कुत्रा, आणि जोरात "अं" म्हणजे मला उचल. संपली भाषा. मी त्याच्या पाठीमागं ताट वाजवून पाहिलं, तर गर्रकन वळायचा. कान चांगले. मग बोलत का नाही?

आमचे हे नागपूर-हैदराबाद ट्रकवर. येता-जाता उतरता येईल म्हणून सहा महिन्यांपूर्वी पांढरकवड्यात खोली केली. माहेर, सासर दोन्ही नेरकडे राहिलं. इथं मला ओळखणारं कोणी नाही. दिवसभरात माझा आवाज निघायचा तो दूधवाल्यापुढं. "अर्धा लिटर." झालं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांचा रोज फोन.

"काय वं, बोलला का पोट्टा?"

"नाही आत्याबाई."

"कसा बोलन? तू स्वतः तरी बोलतेस काय त्याच्यासंग? दिवाळीपर्यंत नाही बोलला तर मी घेऊन जाईन त्याले. इथं घरात दहा माणसं हायेत."

सोहम गेला तर त्या खोलीत आवाज करणारा फक्त फ्रिज उरला असता.

म्हणून मंगळवारी केळापूरला देवीच्या दर्शनाला गेले. रांगेत पुढं एक म्हातारी होती. तिनं एवढंच विचारलं, "एकटीच आली काय माय?" आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. सहा महिन्यांत कोणी विचारलंच नव्हतं ना काही.

म्हातारी म्हणाली, "आपली वाचा देवीजवळ ठेव. मंगळवारी एक शब्द बोलू नोको. तुही वाचा देवी लेकराले देते. पण कोणाले सांगजो नोको, सांगितलं की फळत नाही."

आता म्हातारीनं फक्त मंगळवार सांगितला होता. पण मी पडले सातवी पास. हिशेब केला. एका वारानं थोडी वाचा मिळते, तर सातही वार पाळले की सातपट मिळणार. ठरवलं, सोहम बोलेपर्यंत तोंडच उघडायचं नाही.

खरं सांगू? पहिले तीन दिवस कोणाला पत्ताच लागला नाही. दूधवाल्याला अर्धा लिटर पाठ होतं. ह्यांचा फोन आला की मी नुसता कानाला लावायची.

"हॅलो... हॅलो... टावर नाही वाटते. बरं, जेवून घेजो. पोट्ट्याले पाहजो."

रोज हेच. त्या महिन्यात त्यांना दुसऱ्याच मार्गाची फेरी लागली होती, घरी उतरणं झालंच नाही. बायको बोलत नाही, अशी शंकासुद्धा नाही आली त्यांना. आत्याबाईंचा फोन मात्र मी उचललाच नाही. त्यांच्यापुढं टॉवरचं निमित्त चाललं नसतं.

चौथ्या दिवशी शेजारची रेखाकाकू वाटी घेऊन आली. "विरजण हाय काय वं?"

मी मान हलवली, विरजण दिलं.

"काहून, तोंड काहून बंद?"

मी ओठांवर बोट ठेवलं आणि वर पाहून हात जोडले. मला म्हणायचं होतं, देवीचं व्रत आहे. काकूनं समज करून घेतला, की देवानंच मला मुकी घडवली.

"अरे देवा. तरीच म्हणलं, सहा महिन्यांत इचा आवाज कसा नाही आला." आणि काकू खालीच बसली. मग कोपऱ्यातल्या सोहमकडं पाहून म्हणाली, "आन लेकरू बी तसंच."

सांगायला हवं होतं. पण सांगितलं की फळत नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता काकू परत आली. मग रोजच यायला लागली. मुक्या बाईजवळ सांगितलेलं कुठं जात नाही ना. घरी सोमवारचा उपास आहे म्हणायची, आणि माझ्याकडं बसून आलूबोंडा खायची. सून दिवसभर मालिका पाहते म्हणून टीव्हीचा रिमोट तांदळाच्या डब्यात लपवलेला. "सापडत नाही म्हणून दोघं नवराबायको भांडून राह्यले," असं सांगून पोट धरून हसायची. मीही आवाज न करता हसायची. सोहम तिच्या मांडीला टेकून तिच्या तोंडाकडं एकटक बघत राहायचा.

आणि मी? मी दोनपासून दाराकडं कान लावून बसायची. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या घरी कोणीतरी येत होतं. तोंड उघडायला आता दुप्पट भीती वाटायला लागली.

एकविसाव्या दिवशी दारात आत्याबाई. हातात रिकामी पिशवी. फोन उचलत नाही म्हणून नेरहून एसटीनं थेट आलेल्या. मी पाया पडले.

पाहुणी आली म्हणून रेखाकाकू सुनेला घेऊन भेटायला आली. सोहमच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "लेकराले कायले दोष देता बाई? मायच मुकी हाय त्याची. लगन जमवताना पाह्यलं नाही काय तुम्ही?"

"मुकी?" आत्याबाई म्हणाल्या. "लग्नात चार ओळींचा उखाणा घेतला होता इनं. मांडवभर ऐकू गेला होता."

काकूच्या चेहऱ्याचा रंग पाहण्यासारखा झाला.

"काय वं, बोल नं," आत्याबाई म्हणाल्या. मी ओठांवर बोट ठेवलं. "बरं. नको बोलू." आणि सोहमचे कपडे पिशवीत भरायला लागल्या.

बोलले तर एकवीस दिवसांचा नवस मोडतो. नाही बोलले तर लेकरू जातं. मी तोंड उघडलं, तर आवाजच निघेना.

तेवढ्यात सोहम उठला. पिशवीजवळ गेला, कमरेवर हात ठेवले, हुबेहूब रेखाकाकूसारखे, आणि म्हणाला, "बिचारी मुकी हाय. रिमोट तांदळात हाय. सुनेले सांगू नोको."

सगळ्या जागच्या जागी. सून उठली आणि सरळ घरी गेली. थोड्या वेळानं पलीकडून डबा उघडल्याचा आवाज आला, आणि मग टीव्हीचा.

"बोलला," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "आत्याबाई, बोलला तो."

रेखाकाकू माझ्याकडं पाहतच राहिली. ओठ हलत होते. मला वाटतं, मला काय काय सांगितलं होतं ते ती आठवत होती.

आत्याबाई संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या, पिशवी रिकामीच घेऊन. जाताना म्हणाल्या, "राहू दे इथंच. बोलते मस्त. पण शिकवलं कोणं त्याले असं?"

त्यानंतर आठ दिवस काकू आली नाही. सोहमची गाडी मात्र सुटली होती. भाजी, कुत्रा, काकूची सून, जे आठवेल ते बोलायचा. आणि तीन वाजले की दाराशी जाऊन उभा राहायचा. खरं तर मीही त्याच्यामागं उभी राहायची.

नवव्या दिवशी मी आलूबोंडे तळले आणि सोहमला घेऊन काकूच्या दारात गेले. मनात किती काय जुळवलं होतं. काकू, माझं चुकलं, व्रत होतं, मुद्दाम नाही केलं. दार उघडलं आणि मी नुसतं ताट पुढं केलं.

सोहमच म्हणाला, "काकू, चाल. चहा."

काकूनं ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "येतो," म्हणाली. "पण तू चूप बसजो."

आता ती रोज तीनला येते. ते दोघं बोलतात, मी चहा ठेवते. परवा राहवलं नाही, मध्येच म्हणाले, "काकू, आमच्या नेरले ना..."

सोहमनं माझ्याकडं वळून ओठावर बोट ठेवलं. "आई, चूप. काकू सांगून राह्यली."