मुडदा फौजदार, भाग दुसरा

माझा भाऊ सिनेमात मुडद्याचं काम करायचा, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मी हसू देते. त्या वेळी मलाही हसू यायचं.

सिनेमा म्हणजे थिएटरात लागणारा नव्हे. आमच्याकडे द्वारका चौकात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका माणसाचं दुकान होतं. पावसाळ्यात मुहूर्त नसायचे, कॅमेरा पडून राहायचा आणि त्याचा जीव वरखाली व्हायचा. तेव्हा गावोगावी व्हिडिओ हॉल होते आणि भुताच्या पिक्चरला तिथे गर्दी व्हायची. म्हणून त्याने लग्नाच्याच कॅमेऱ्यावर 'मुडदा फौजदार' काढला. गोष्ट साधी होती. एका प्रामाणिक फौजदाराला गुंड मारतात आणि लासलगावच्या मार्केटात कांद्याच्या ढिगाखाली पुरतात. तो ढिगातून उठतो आणि एकेकाचा सूड घेतो. ज्याचा सूड घ्यायचा त्याच्याभोवती पडद्यावर चांदण्या फिरायच्या, कारण शूटिंगवाल्याकडे मिक्सिंगचं तेवढंच सामान होतं आणि तेही नवरा-नवरीसाठी घेतलेलं.

जिवंत फौजदाराचं काम एका देखण्या पोराने केलं. मेल्यानंतरचं काम माझ्या दादाकडे आलं. मेलेल्याचा चेहरा सडलेला, म्हणून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा मुखवटा कापून शिवला होता. देखणा पोरगा मरेपर्यंत दिसायचा, तिथून पुढे मुखवट्यातला माझा भाऊ. मार्केट बंद असेल त्या दिवशी तो कांद्यांत पडून राहायचा आणि घरी आला की आमची दोन्ही खोल्यांची जागा वासाने भरून जायची. आई म्हणायची, "आधी मोरीत जा." तो मोरीतूनच सगळी गोष्ट सांगायचा.

त्याला हे सगळं का हवं होतं, ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं. त्याला पोलिसात जायचं होतं. पळण्यात तो पहिल्यांत असायचा, छाती भरायची, पण उंची बोटभर कमी पडायची. तरी तो पुन्हा पुन्हा भरतीला गेला. सकाळ-संध्याकाळ गच्चीच्या पाइपला लोंबकळायचा. वडील नगरपालिकेत कारकून, सरळ बोलणारे. ते म्हणायचे, "माणूस लांबत नाही रे, फक्त पाइप वाकतो." शेवटी त्याने सातपूरला एका कंपनीत ठेकेदाराकडे हेल्परचं काम धरलं, पण वर्दी काही त्याच्या डोक्यातून गेली नाही.

त्याची लहानपणापासून एक खोड होती. वाईट वाटलं की तो भांडायचा नाही, रडायचा नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, एका पायावर दुसरा पाय ठेवून, टाचेने हळूहळू पाऊल घासत. शेवटच्या भरतीहून आला तेव्हाही असाच उभा राहिला, अंगठ्याएवढी मिशी असलेला बाप्या. आईने त्याच्या पाठीला हात लावला नाही. जेवायला वाढून ठेवलं आणि म्हणाली, "गार होतंय."

पहिला भाग चालला, म्हणून दुसरा निघाला. देखण्या पोराचं लग्न ठरलं होतं, सासरच्यांनी त्याला मनाई केली. मग शूटिंगवाल्याने ठरवलं की दुसऱ्या भागात जिवंत फौजदार दाखवायचाच नाही. सुरुवातीपासून मुडदा आणि मुडदा म्हणजे दादा. फक्त एका ठिकाणी चेहरा लागणार होता. गोष्टीत असं होतं की सूड घेता घेता मुडदा आपण कोण होतो तेच विसरलेला असतो. शेवटी तो आपल्या जुन्या चौकीत शिरतो. भिंतीवर शहीद फौजदाराचा हार घातलेला फोटो असतो. तो फोटोसमोर उभा राहतो, कॅमेरा फोटोकडे सरकतो, चेहऱ्याने पडदा भरतो आणि मुडद्याला सगळं आठवतं. पहिल्या भागात तर फौजदार वेगळाच दिसत होता ना, असं मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "कोण लक्षात ठेवतंय." त्याच्या मनात तो फोटो इतका बसला होता की बाकीच्या पिक्चरचं काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. कॉलनीत भेटेल त्याला सांगायचा की शेवट सोडू नका, शेवटी मी आहे.

फोटो काढला त्या दिवसाचा आनंद मला अजून आठवतो. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडून वर्दी आणली होती, खांद्यात सैल. पण फोटोत ते दिसत नव्हतं. टोपी, दोन चांदण्या, करारी नजर. उंची तर फोटोत कुणी मोजत नाही. मोठा करून फ्रेम केलेला तो फोटो तो वर्तमानपत्रात गुंडाळून घरी घेऊन आला. वडिलांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "शोभतोय." त्यांच्या तोंडून हे म्हणजे फार झालं. आईने पदराने काच पुसली. तेवढ्यात दादाने खिशातून चंदनाचा हार काढला आणि पडद्यावर कसा दिसेल ते आम्हाला कळावं म्हणून स्वतःच्या फोटोला स्वतःच्या हाताने घातला.

आईचा हात पदरासकट तिथेच थांबला.

आमचं घर बौद्ध. शकुन, अपशकुन, नजर, दिवस-वार हे सगळं मागच्या पिढीनेच सोडलं होतं आणि वडील त्या बाबतीत फार कडक. मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम त्याच वाटेने जायचे. पण जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे धर्म बदलून जाणारं नव्हतं. हार म्हणजे माणूस संपला. आई एवढंच म्हणाली, "काढ ते." दादा हसला. वडील म्हणाले, "अगं, खेळ आहे तो. आपण हे सगळं सोडलंय ना?" आई पुढे काहीच बोलली नाही. तिने स्वतः हार काढला आणि स्वयंपाकाला लागली. आम्हाला वाटलं, विषय मिटला. आई गप्प बसली की विषय मिटत नाही, सुरू होतो, हे खरं तर इतक्या वर्षांत आम्हाला कळायला हवं होतं.

फोटो शूटिंगसाठी दुकानात परत गेल्यावर, दादा कामावर असताना, ती मला घेऊन द्वारकेला गेली. दुकानात एका लग्नाची कॅसेट लागली होती आणि नवरीकडचे लोक ती बघत बसले होते. आईने त्यांच्यादेखत विचारलं, "भाऊ, माझ्या जित्या पोराला हार घालणारे तुम्हीच ना?"

शूटिंगवाला गडबडला. "मावशी, पिक्चर आहे हो. खरं थोडंच असतं?"

"मग तुमचा सोताचा फोटो लावा."

नवरीकडच्या बाया माना वळवून बघायला लागल्या. आई काही आरडाओरडा करणारी बाई नव्हे, ती अगदी सावकाश बोलत होती. म्हणाली, "मी चार घरी सांगन, या दुकानात जित्याला हार घालतात. मग लग्नाला कोण बोलावतं तुम्हाला, ते मलाबी बघायचंय." शुभकार्यावर पोट असलेल्या माणसाला याहून मोठी धमकी नव्हती. त्याने आतून फोटो आणून दिला. हार पुन्हा त्याच्यावर चढला होता. आईने तो काढून काउंटरवर ठेवला. "हार तुमचा, पोरगा माझा," म्हणाली आणि फ्रेम पदराखाली घेऊन बाहेर पडली. रस्ता ओलांडताना ती मला म्हणाली की आता काही भ्या नाय. तिचा चेहरा इतका मोकळा झालेला मी क्वचितच पाहिला होता.

दुसऱ्या कुणाचा फोटो लावायचा, तर दुसऱ्यालाही आई होती. कुणीच द्यायला तयार होईना. शेवटी शूटिंगवाल्याने तसंच उरकलं. आईने फोटो आणला त्या संध्याकाळी दादा घरी आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. त्याने विचारलं, "फोटो कुठंय?" आई म्हणाली, "हाय नीट." तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नंतर त्याने फोटोचं नाव कधीच काढलं नाही. आईने तो पेटीत साड्यांच्या खाली पालथा ठेवला होता.

पिक्चर आमच्या कॉलनीत चौकात टीव्ही लावून दाखवला. दादा सर्वांत मागे उभा होता. दुसऱ्या भागात त्याचा आवाजसुद्धा नव्हता, तो दुसऱ्याच कुणी दिला होता. त्यातून त्याची कंपनीत पाळी असली की शूटिंगवाल्याचा मेहुणा मुखवटा चढवून उभा राहायचा. ट्यूबच्या आत कोण आहे, कुणाला कळणार? शेवटी मुडदा चौकीत शिरला आणि भिंतीसमोर थांबला. भिंतीवर नुसता खिळा. कॅमेरा सरकत सरकत खिळ्याजवळ गेला, चांदण्या फिरल्या, मुडद्याला सगळं आठवलं. लोक ओरडले की काय आठवलं याला, खिळा? सगळा चौक हसला. मी मागे वळून पाहिलं तर दादा निघून गेलेला होता. आई पिक्चर बघायला आलीच नव्हती.

तिसरा भाग निघाला नाही. व्हिडिओ हॉल बंद पडले, शूटिंगवाला पुन्हा नुसती लग्नं करायला लागला. माझं लग्न होऊन मी इंदिरानगरला राहायला आले. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये दादा शोधून सापडत नाही. एका फोटोत पाठमोरा, वाढपाची बादली घेऊन. कुणी कॅमेरा रोखला की तो बाजूला व्हायचा. त्याचं लग्न ठरता ठरता राहिलं. ठेकेदार बदलले, काम तेच राहिलं.

मग त्याला कावीळ झाली आणि ती पोटात उतरली. तो महिनोन् महिने झिजत गेला. गाल आत गेले, डोळे पिवळे झाले, कातडी हाडांना चिकटली. मुखवटाही इतका भेसूर नव्हता. आई उशाशी बसून एकच गोष्ट घोळत राहायची. "मी तर हार काढला होता गं," ती मला म्हणायची. "मी सोता जाऊन काढला होता." मला तिचा राग यायचा आणि कीवही. तिने कुणाशी तरी व्यवहार केला होता, स्वतःच्या पोराचा चेहरा देऊन त्याचा जीव राखायचा, आणि समोरचा शब्दाला जागला नव्हता. मी तिला काय सांगणार होते? समोर कुणी नव्हतंच.

तो गेला. पुण्यानुमोदनाला ठेवायला फोटो हवा होता आणि घरात त्याचा एकही धड फोटो नव्हता. आई उठली. पेटी उघडली, साड्या बाजूला केल्या आणि ती फ्रेम काढून वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी बाजारातून चंदनाचा हार आणला आणि घातला. गावाकडचे नातेवाईक आले, फोटोसमोर हात जोडून उभे राहिले. एका म्हाताऱ्याने आईला विचारलं, "पोलिसात व्हता का पोरगा?" आई म्हणाली, "हो." उभ्या आयुष्यात कुणाचं खोटं खपवून न घेतलेले माझे वडील शेजारी बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

काही दिवसांनी आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "त्याचा पिक्चर लाव." शूटिंगवाल्याने मागे कधी तरी त्याची व्हीसीडी करून दादाला दिली होती, ती तिने पिशवीतून आणली होती. भर दुपार होती. मी पडदे ओढले. मुडदा पहिल्यांदा आला तेव्हा आईने विचारलं, "हा का?" मी म्हणाले, "असेल." पुढच्या वेळी पुन्हा, "हा?" मला खरंच सांगता येईना. कधी खांदे त्याच्यासारखे वाटायचे, कधी मेहुण्यासारखे. ती टीव्हीच्या जवळ सरकत गेली. चालणं बघितलं, हात बघितले. वाढवलेलं, न्हाऊमाखू घातलेलं पोर तिला ओळखू येत नव्हतं. "नाय गं, हा नाय वाटत," असं ती एकेक करत म्हणत राहिली आणि मला वाटायला लागलं की या अख्ख्या पिक्चरमध्ये तो कुठेच नाही.

शेवट आला तेव्हा बंद करावा असं माझ्या मनात आलं, पण रिमोट तिच्या मांडीवर होता. मुडदा चौकीत शिरला. खिळ्यासमोर थांबला. कॅमेरा त्याच्या पाठीमागून होता, डोक्यापासून बुटांपर्यंत सगळा दिसत होता. रिकाम्या भिंतीकडे तोंड करून तो उभा राहिला आणि मग एक बूट उचलून त्याने दुसऱ्या बुटावर ठेवला. टाच हळूहळू घासत राहिला.

आईने पडद्यावर, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हा," ती म्हणाली. "हा माझा."