ऊब न दिलेले कोयते

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलेलं नाही. चौथी झाली नि शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आलं ते सही करण्यापुरतंच. ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी चुकून कुणाच्या हाती लागलीच, तर चुका पोटात घालाव्यात. तोंडाने सांगायला मला जमत नाही आणि सांगितल्यावाचून चैनही पडत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या वाडीत एक म्हातारे लोहार होते. सगळे त्यांना बाबा म्हणत. विळीला, कोयत्याला धार लावायला मी त्यांच्याकडे जायची. भाता ओढायला त्यांच्याकडे कुणी नव्हतं, म्हणून मी ओढायची आणि ते धारेचे पैसे घेत नसत. मला तिथे बरं वाटायचं. घणाच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नाही, त्यामुळे मी का बोलत नाही असंही कुणी विचारत नसे. हळूहळू मी लोखंड तापवायला, ठोकायला लागले. पुढे बाबांचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला. जाताना एक सांडशी आणि एक हातोडा माझ्या हातात देऊन म्हणाले, "घे गो. आमची पोरं काय हे हातात धरणार नायत."

बाकीचं मी जमवलं. मिरजोळ्याला भंगाराच्या दुकानात आमचे हे कामाला जातात. तिथून ट्रकच्या ॲक्सलचा एक तुकडा किलोच्या भावाने आणला, ती माझी ऐरण. तो फणसाच्या ओंडक्यात बसवला. भात्याला पैसे नव्हते. माझ्या भावजयीचा केस वाळवायचा ड्रायर बिघडला होता, यांनी त्याचा पंखा दुरुस्त करून पत्र्याच्या नळीला जोडला. दगडी कोळसा परवडत नव्हता, म्हणून खानावळीतून करवंट्या आणून त्यांचा कोळसा करायची. तो तापतो चांगला, पण भराभर संपतो. ट्रकच्या स्प्रिंगचे मोडके पाटे हे आठवड्याला एखादा आणायचे, त्याचे कोयते.

"तू तोंडातून शब्द काढत नाहीस," हे म्हणायचे, "बाजारात बसून कोयते काय स्वतःच स्वतःला विकणार?"

पहिले काही वाकडे झाले, ते घरात ठेवले. मग सहा कोयते असे झाले की मलाच हातातून सोडवेनात. त्यांना पाणी द्यायचं राहिलं होतं. पाणी देणं म्हणजे पातं लाल करून पाण्यात बुडवायचं, की ते कडक होतं. पण नुसतं कडक झालेलं पातं काचेसारखं असतं. म्हणून बाबा प्रत्येक वेळी सांगायचे, पाणी दिलंस की परत ऊब दे, रंग पिवळट होईपर्यंत, मग कडकपणा उतरतो.

त्या दिवशी सहा पाती पाण्यातून काढली तेव्हा कोळसा टोपलीच्या तळाला गेला होता. दुसऱ्या दिवशी पालीचा बाजार. मी पात्यावर कानस फिरवून पाहिली. कानस घसरली, ओरखडासुद्धा उठला नाही. मला वाटलं, एवढं कडक झालंय, मग आणखी काय पाहिजे? कोळसा वाचला, मुठी बसवल्या. ऊब दिली नाही. विसरले असं म्हणता येणार नाही. मला ठाऊक होतं.

पालीला गोणपाटावर सहा कोयते मांडून बसले. मान खाली. गिऱ्हाईक आलं की कोयता पुढे करायची, त्याच्या हातात मूठ कशी बसते ते बघायची आणि रंध्याने तिथल्या तिथे तासून द्यायची. तीनशेला एक. दुपारपर्यंत पाच गेले. एक आमच्या शेजारणीने घेतला. एक स्टँडजवळच्या चहावाल्या दादांनी लाकडं फोडायला. दोन जवळच्या वाडीतल्या दोघा भावांनी, कवळ तोडायला, म्हणजे शेत भाजायला झाडाच्या फांद्या तोडतात त्यासाठी. पाचवा एका पाडेल्याने घेतला. नारळाच्या झाडावर चढणारा. त्याचं तोंड मी पाहिलंच नाही. पाहिले ते पाय. घोट्याशी दोरीने पडलेला काळा घट्टा आणि डाव्या पायाचा उभा चिरलेला अंगठा. गोणपाटाच्या कडेवर पाय ठेवून तो म्हणाला, "बायमाणसाने केलेला म्हणतात. झाडावर हातातून सुटला तर तुझ्या नावाने बोंबलेन हां."

बाजूचे हसले. मी मूठ तासत राहिले.

पंधराशे रुपये आले. हजाराचा कोळसा आणि कानशी घेतल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या सहाव्या कोयत्याने मी आकेशाच्या झाडाची एक सुकी फांदी तोडत होते. दुसऱ्या घावाला टण्ण आवाज झाला आणि कानाजवळून काहीतरी गेलं. वळून पाहिलं तर पात्याचा अर्ध्या पोळीएवढा तुकडा पडवीच्या दाराच्या फळीत रुतला होता. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर.

सहाही पाती एकाच पाण्यातून निघाली होती. जे याचं झालं ते बाकीच्यांचंही होणार. आणि पाडेली डोक्याच्या वर घाव घालतो, तोंड वर करून.

घरात पाचशे होते ते घेतले आणि आधी शेजारणीकडे गेले. शब्द येईनात, म्हणून तुटका कोयता तिच्यापुढे धरला. "अगो बाय!" म्हणत तिने आपला आणून दिला. "पैसे सावकाश दे. पण मी आज पोराकडून नारळ सोलवणार व्हते त्याने."

पालीला चहावाल्या दादांनी तुटका तुकडा बघून आपला कोयता काढून दिला आणि तीनशे मोजून घेतले. ते दोघे भाऊ रोज तिथेच चहाला यायचे. ते आले, तेव्हा कोयते खांद्यावरच होते. मोठा म्हणाला, "माझ्या पात्याची कड काल उडाली. मला वाटलां, गाठ लागली फांदीला." धाकटा म्हणाला, "आमचं नशीब चांगलं, बाय, तुझं नाय." दोन्ही कोयते परत घेतले, त्यांना शंभर दिले. बाकीचे पाचशे देईन म्हटलं. एवढं मी परक्या माणसांशी आयुष्यात बोलले नव्हते.

"आणि तो पाडेली?" मी दादांना विचारलं. "काळा घट्टा आहे पायाला, डावा अंगठा चिरलेला."

"पायावरनं माणूस सांगतेस होय? कळला मला. आज मालगुंडात गेलाय, एका नारळाच्या बागेत पाडायला." त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. "झाडावर असला की फोन खाली शर्टात असतो त्याचा," दादा म्हणाले.

पाली ते रत्नागिरी एक एसटी, रत्नागिरी ते मालगुंड दुसरी. स्टँडवर पाऊण तास बसले. नारळ पाडायला माणूस पहाटे सुरू करतो. किती झाडं झाली असतील, ते मी बोटांवर मोजत होते आणि दर वेळी मध्येच सोडून देत होते. घाटीत गाडीने वेग कमी केला की वाटायचं उतरून धावावं.

दादांनी सांगितलेलं निळं फाटक सापडलं. आत गेले तर धप्, धप् नारळ पडत होते. म्हणजे तो वर होता आणि कोयता चालत होता. झाडं सगळी उंच. मी खालून नुसते पाय शोधत फिरले. चौथ्या झाडावर ते दिसले. घट्टा, चिरलेला अंगठा. वर हात उचललेला.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. खरंच आला नाही. घाव पडला, नारळांची एक पेंड खाली आली, माझ्यापासून दोन हातांवर. तो पुन्हा हात उचलू लागला तेव्हा मात्र जे निघालं ते शब्द नव्हते. गुरं बिचकून हंबरतात तसा आवाज होता. मग शब्द आले. "दादा, कोयता मारू नका! फुटेल! डोळ्यात जाईल!"

बागेच्या मालकीणबाई धावत बाहेर आल्या. "काय गं, कोण पडलं?"

वरून आवाज आला, "ही कोण बोंबलते? अरे, ती कोयतेवाली! बोंबलणार मी व्हतो, ही कशाला बोंबलते?"

तो खाली आला. कोयता कमरेच्या आकड्याला. पहिल्यांदा मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याएवढाच होता, चाळिशीतला.

"द्या तो," मी म्हणाले. "खराब आहे. ऊब नाही दिली मी त्याला."

"सकाळपास्नं एकोणीस झाडं केली याने. मस्त चालतोय. तीनशे आणलेस?"

"नाहीत आता. देईन."

"मग पैसे दे, कोयता ने. अजून सहा झाडं हायत."

माझ्याकडे परतीच्या भाड्याचे पैसे होते, बस. कोयता बघायला मी हात पुढे केला. त्याने हसत कोयता दिला, बघायचा तर बघ, अशा थाटात. पात्यावर कुठे चीर दिसेना. विहिरीच्या काठाला चिऱ्याची पायरी होती. तिच्या कडेवर मी कोयता मारला. काही झालं नाही. तो मोठ्याने हसला. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, धार घालवशील त्याची." दुसऱ्यांदा मारला. पुन्हा काही नाही. माझ्या मनात आलं, हा एकच चांगला निघाला असेल तर? माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात थांबवला नाही. तोंड वळवून तिसरा घाव घातला.

पातं मध्यावर तुटलं. पुढचा भाग उडून विहिरीत गेला. टुबुक् झालं.

पाडेली पायरीवर बसला आणि माझ्या हातात उरलेल्या मुठीकडे बघत राहिला. मग हाताने आपले डोळे चोळले, जणू त्यात काही गेलंय. मालकीणबाईंनी दोघांना पाणी दिलं आणि घरातला कोयता त्याला काढून दिला. मी निघाले तेव्हा तो मागून म्हणाला, "पैसे मात्र पुरे पायजेत हां. फुकटचं माझं बी काय नाय."

"पुरे देईन," मी म्हणाले.

ते सोपं नव्हतं. नवीन कोयते करून विकायची माझी छाती होईना. मग घरोघर फिरून विळ्यांना, खवणीच्या दात्यांना धार लावू लागले. विळीचे वीस, कोयत्याचे तीस. दारात उभं राहून हाक मारावी लागे. पहिल्या दिवशी दोन घरांपुढून हाक न मारताच परत फिरले. यांनी विचारलं, "किती झाले?" मी म्हणाले, "काही नाही." हे म्हणाले, "उद्या मी येतो बरोबर, हाक मी मारतो." त्यावर मला काय झालं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी एकटीच गेले.

भावांचे पाचशे आधी दिले. मग शेजारणीचे. ती घेईना, तिच्या डब्याखाली ठेवून आले. पाडेल्यासाठी चहावाल्याकडे शंभर ठेवले, पुढच्या बाजारी आणखी शंभर. शेवटचे शंभर द्यायला गेले तेव्हा तो तिथेच बाकावर बसला होता. मी दहा-दहाच्या नोटा त्याच्या हातात दिल्या. त्याने थुंकी लावून सगळ्या मोजल्या, एक फाटकी निघाली ती परत केली. मी बदलून दुसरी दिली. ती पण त्याने उजेडात धरून पाहिली आणि खिशात घातली.

"झाले," तो म्हणाला. "पुरे झाले."