बूड टेकलेलंच हवं

आमच्या सोसायटीत मी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक माझा उजवा पाय, जो मी दीड वर्षाची असताना पोलिओने नेला. दुसरं माझं तोंड, जे अजून कोणालाही बंद करता आलेलं नाही. पायाचं वाईट सगळ्यांना वाटतं. तोंडाचंही वाटतं, पण ते त्यांना स्वतःसाठी.

सोसायटी बोरिवली पश्चिमेला, तीन विंगांची. दर हिवाळ्यात आमच्याकडे क्रीडादिन असतो. बॉक्स क्रिकेट, लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, आणि शेवटी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसं. प्रमुख पाहुणी म्हणजे मी. ए विंगमधून निघून, कंपाउंड ओलांडून, चार मिनिटांत ‘लांबून वेळात वेळ काढून’ आलेली. बावीस वर्षं मी लोकांच्या हातात कप दिले. लिंबू-चमच्याच्या पहिल्या नंबरालाही दिले. जी बाई लिंबू हाताने धरून धावली, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं, तिलाही दिला. आणि हसून दिला, कारण पाहुण्यांनी हसायचं असतं.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझ्या पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा पट्टा तुटला. दुरुस्त करायला गेले तर दुकानात बाकावर एकजण कृत्रिम पाय मांडीवर घेऊन बसला होता, एखाद्याने पोर मांडीवर घ्यावं तसा. तिशीतला, दहिसरचा, मालाडला मोबाइल दुरुस्तीचा गाळा. बाइकच्या अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेला. त्याने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “ताई, खाली बसता येतं ना?”

“अरे, बसण्यातच जन्म गेलाय.”

“मग रविवारी मालाडला या. आमच्यात एक प्लेअर कमी आहे.”

तो सिटिंग व्हॉलीबॉलच्या टीमचा कॅप्टन निघाला. खेळ व्हॉलीबॉलच, पण सगळ्यांनी जमिनीवर बसून खेळायचा. नेट छातीएवढं खाली, मैदान छोटं, हातांनी सरपटत पुढे-मागे व्हायचं. आणि एक नियम, ज्यावर सगळं उभं आहे, म्हणजे बसलं आहे: चेंडू मारताना बूड जमिनीला टेकलेलंच हवं. उचललं की फाउल.

पहिल्याच रविवारी चेंडू सणसणीत माझ्या नाकावर बसला. डोळ्यांतून पाणी आलं. मी वाट बघत होते. आता धावतील, पाणी आणतील, कोणीतरी मारणाऱ्याला झापेल, मला कडेला नेतील. लहानपणापासून हेच तर होत आलं होतं. कॅप्टन तिथूनच ओरडला, “ताई, नाक मागे, हात पुढे! चला, सर्व्हिस!” सॉरी नाही, काही नाही. मी घरी आले ती लाल नाक घेऊन, आणि अशी खूश की नवऱ्याला वाटलं प्रमोशन झालं.

चार वर्षं दर रविवारी मालाडच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये मी लादी पुसत फिरले. मग शाळाच पाडून नवी बांधायला घेतली. आम्हाला जागा राहिली नाही. मैदानात खेळता येत नाही, मातीत सोलून निघतो माणूस. सपाट, गुळगुळीत फरशी लागते. दोन महिने गेले. आमच्यातल्या दोघांनी यायचंच सोडून दिलं. एकाने तर फोन उचलणंही बंद केलं. अजून महिनाभर असंच गेलं असतं तर टीम संपली होती, आणि मी परत कप वाटायला मोकळी.

आमच्या सोसायटीत क्लब हाऊस आहे. चकचकीत टाइल्स, आठ पंखे, आणि कायम कुलूप. हास्यक्लबचे लोक सकाळी अर्धा तास जातात, बाकी वेळ आत फक्त घडीच्या खुर्च्या असतात. मी रीतसर अर्ज केला. रविवारी सकाळी सात ते नऊ.

आमचे सेक्रेटरी अत्यंत सज्जन माणूस. विमा कंपनीतून रिटायर झालेले. मी दिसले की लिफ्टचा दरवाजा धरून उभे राहतात, मग मला लिफ्टने जायचं असो वा नसो. कित्येकदा मी निव्वळ त्यांचा मान राखायला पाचव्या मजल्यावर जाऊन आलेय. अर्ज वाचून त्यांचा चेहरा पडला.

“मॅडम, उद्या कोणाला लागलं-बिगलं तर?”

“लागणारच. खेळ आहे.”

“त्यापेक्षा कॅरम खेळा ना. मी स्वतः पावडर आणून देतो.”

तीन अर्ज, तीन नकार. सगळे अत्यंत प्रेमाने. शेवटी मी कमिटीच्या मीटिंगमध्ये जाऊन उभी राहिले.

“एक मॅच खेळू,” मी म्हटलं. “आमची टीम आणि तुमची कमिटी. सगळे बसून. आम्ही जिंकलो तर रविवारी सकाळी हॉल आमचा.”

“आणि हरलात तर?” खजिनदारांनी विचारलं.

“तर पुन्हा अर्ज करणार नाही. आणि येत्या वार्षिक सभेत मी एक शब्द बोलणार नाही.”

गेल्या वार्षिक सभेत मी पाण्याच्या टाकीवर पन्नास मिनिटं बोलले होते. सातच्या सात हात वर गेले. आमच्या कमिटीने एकमताने मंजूर केलेला हा पहिला ठराव.

रविवारी सकाळी आमची टीम आली. आम्ही दाराशी चपला काढल्या आणि मग पाय काढले. कॅप्टनचा पाय बुटासकट भिंतीला टेकून ठेवला, शेजारी माझं कॅलिपर आणि कुबडी, त्यापलीकडे आणखी दोन पाय. हॉलच्या वरच्या गॅलरीतून बघायला आलेली सी विंग कठड्यापासून मागे सरकली. कॅप्टन त्यांना म्हणाला, “जरा लक्ष ठेवा हं. मागच्या वेळी कोणीतरी बूट ढापला होता.” तेव्हा कुठे हसली.

फरशीवर चिकटपट्टीने रेघा मारल्या. दोन खांबांना बॅडमिंटनचं नेट बांधलं, खाली ओढून. पंच म्हणून बी विंगच्या बाई. वय अठ्ठ्याहत्तर, प्राथमिक शाळेतून निवृत्त. त्या शिट्टी वाजवत नाहीत, कवळी सुटते. पण आवाज असा की शिट्टीने लाजावं. कोणाचं काय जमिनीवरून उठतं ते दिसावं म्हणून त्या रेघेशी पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, “चाळीस वर्षं मी पोरांना हेच सांगितलंय. खाली बसा.”

सेक्रेटरींनी पहिली सर्व्हिस केली ती फुलासारखी. चेंडू माझ्याकडे तरंगत आला, लहान मुलाच्या वाढदिवसाला फुगा यावा तसा. मला मागाहून कळलं, त्यांनी आपल्या टीमला आधीच सांगून ठेवलं होतं: चांगली लढत द्या, पण शेवटी जिंकू द्या, बिचारे लांबून आलेत. मी तो फुगा कॅप्टनकडे दिला आणि कॅप्टनने तो खजिनदारांच्या पोटावर आपटला. एक-शून्य.

त्यानंतर कमिटीला हरायची वेगळी मेहनत घ्यावी लागली नाही. धडधाकट माणसाला चेंडू दिसला की तो उठतो, त्याला काही करता येत नाही. बाई सुरुवातीला फार शालीन होत्या.

“आसन उचललं. गुण पलीकडे.”

दोन मिनिटांनी, “अहो, आसन!”

पाच मिनिटांनी, “बूड! खजिनदार, बूड!”

गॅलरीतल्या पोरांना तर हा शब्द मोकळ्या आवाजात ओरडायची पहिलीच अधिकृत संधी. प्रत्येक फाउलला अख्खी गॅलरी कोरसमध्ये “बूऽऽड!” कमिटीतला सी विंगचा जिमवाला, ज्याचे दंड माझ्या कमरेएवढे आहेत, तो तर दर वेळी गुडघ्यांवर यायचा आणि चोरी पकडल्यासारखा परत बसायचा. आम्ही पंधरा, ते सहा.

पण जिमवाला शिकला. मांडीवर मांडी घट्ट आवळून बसला आणि ते लांब हात सोडले. सेक्रेटरींनाही चेव आला. दोन-चार पॉइंट सोडायचं धोरण केव्हाच वाऱ्यावर उडालं, बनियन भिजलं, चष्मा खिशात गेला. सतरा-चौदा. एकवीस-वीस. पंचवीसचा डाव, आणि आम्ही चोवीस, ते तेवीस.

एक पॉइंट, की हॉल आमचा.

कॅप्टनने चेंडू माझ्यासाठी नेटजवळ उंच उचलला. जरा जास्तच उंच. मी वर बघितलं, डावा तळवा फरशीवर दाबला, चांगला पाय रोवला आणि दिला ठेवून. चेंडू सेक्रेटरी आणि जिमवाल्याच्या मधोमध फाटकन पडला. आमची टीम किंचाळली. सी विंग किंचाळली.

आणि मला कळलं की मी हवेत होते. चांगली चार बोटं वर. आयुष्यातली पहिली उडी मी बावन्नाव्या वर्षी मारली, आणि तीही फाउल.

बाईंना जिमवाल्याची पाठ आड आली होती. त्यांनी मान वाकवून विचारलं, “उचललं का गं?”

मी तोंड उघडायच्या आत सेक्रेटरी बोलले. ते अगदी समोर होते, त्यांनी स्वच्छ बघितलं होतं. माझ्याकडे बघून ते तसंच गोड हसले, लिफ्टचा दरवाजा धरताना हसतात तसं. “नाही नाही, बाई. टेकलेलं होतं. मी बघितलं ना. मॅडमचा पॉइंट.”

“अहो, द्या त्यांना,” खजिनदार म्हणाले. “जाऊ द्या.”

कॅप्टनने माझी बाही ओढली. तो मला पुरतं ओळखतो. “ताई,” तो दातांत म्हणाला, “ताई, आजच्या दिवस गप्प बसा. पाया पडतो. एकच आहे, पण पडतो.”

मी खरंच प्रयत्न केला. समोर फरशी होती, आठ पंखे होते, फोन न उचलणारा, पण आज आलेला आमचा तो गडी शेजारी घामाघूम होऊन हसत होता. हॉल हातात होता. आणि तो मला लिंबू-चमच्याच्या कपासारखा देण्यात येत होता.

“उचललं होतं!” मी ओरडले. “चार बोटं! सेक्रेटरी खोटं बोलतायत!”

“वाट लावली,” कॅप्टन म्हणाला आणि फरशीवर आडवाच झाला.

सेक्रेटरी लालबुंद झाले. “मॅडम, मी तुमच्यासाठी—”

“माझ्यासाठी काही नको. सर्व्हिस करा. आणि मघासारखी पुचाट नको.”

“पुचाट?” सेक्रेटरी म्हणाले. “मी पुचाट?”

चोवीस-चोवीस. आता जिंकायला दोन गुणांची आघाडी हवी. त्यांनी सर्व्हिस केली, आणि काय केली! सरळ माझ्या छातीवर. मी दोन्ही हातांनी कशीबशी वर काढली, कॅप्टनने आडवं झाल्याचा सगळा राग चेंडूवर काढला. पंचवीस-चोवीस. पुढच्यात जिमवाल्याने आमच्या तिघांच्या मधून चेंडू घातला. पंचवीस-पंचवीस. मग खजिनदारांनी नेटला मिठी मारली. सव्वीस-पंचवीस. कोणी कोणाला मॅडम म्हणत नव्हतं. सेक्रेटरी मला बघून “हिच्याकडे टाका, हिच्याकडे, ही दमलीये!” असं आपल्या टीमला सांगत होते, आणि ते खरं होतं, मी दमले होते, आणि असं माझ्याबद्दल कोणी आजवर ओरडून सांगितलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडेच टाकला. मी कॅप्टनला दिला, त्याने परत मला. या वेळी मी अशी बसले जणू फरशीला चिकटवलंय. तिरका मारला, अगदी कोपऱ्यात, चिकटपट्टीवर.

“आत!” बाई गरजल्या. “सत्तावीस-पंचवीस! खेळ संपला! सगळ्यांनी ओळीत बसा!”

“बाहेर!” सेक्रेटरी. “ढळढळीत बाहेर!”

“पट्टीला लागला!”

“पट्टीच्या पलीकडे पडला! मी इथे आंधळा बसलोय का?”

“मघाशी होतात!”

पाऊण तास आम्ही भांडलो. हॉलमध्ये भांडलो, दारात भांडलो, बाकीचे पाय लावून, चहा पिऊन गेले तरी ए विंगच्या पॅसेजमध्ये भांडत होतो. सेक्रेटरींनी मला हट्टी म्हटलं, लबाड म्हटलं, माझ्या टाकीवरच्या भाषणात एकही मुद्दा नव्हता असंही म्हटलं, जे त्यांनी इतके दिवस पोटात ठेवलं होतं. लिफ्ट आली, दरवाजा उघडला, आपोआप बंद झाला, आणि त्यांचं तिकडे लक्षही गेलं नाही. पण निर्णय बाईंचा, आणि बाईंनी तो फिरवला नाही. शेवटी सेक्रेटरींनी खिशातून चावी काढून माझ्या तळहातावर आपटली.

“घ्या. पण तो बाहेर होता.”

“आत होता.”

पुढच्या रविवारी पावणेसातला मी चावी घेऊन खाली गेले, तर कुलूप उघडं. दुसरी चावी असतेच सेक्रेटरींकडे. आत ते फरशीवर बसले होते, हातात स्टीलची मोजपट्टी, समोर तो वादातला कोपरा आणि चेंडूचा टाइलवर उठलेला काळपट डाग. आठवडाभर त्यांनी झाडूवालीला तिथे पोछा मारू दिला नव्हता.

“या,” ते म्हणाले. “आता कळेल. दुसरं टोक धरा.”

मी कुबडी भिंतीला टेकवली, त्यांच्यासमोर खाली बसले आणि पट्टीचं टोक धरलं. जरासं आमच्या बाजूला सरकवून.