गच्चीवरून धरलेला मृग

असोद्याच्या ज्योत्स्ना चौधरीला बसमध्ये कुणी विचारलं, मालक कुठे असतात, तर ती "पाण्यावर" एवढंच सांगायची. तिचा नवरा ईश्वर मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर. वर्षातला बराचसा काळ समुद्रात, उरलेला घरी. ती जळगावात एका चष्म्याच्या दुकानात कामाला. सकाळच्या बसने जायचं, दिवेलागणीला परतायचं, सासूबरोबर जेवायचं आणि फोनची वाट बघायची. जहाजावरून फोन कधी लागे, कधी आठवडाभर लागत नसे.

ईश्वरला आकाशाचं वेड. डेकवर उभं राहिलं की तारे अंगावर येतात, म्हणायचा. पण जहाज सतत हलणारं, तिथे फोटो कसला निघतो! त्याला पायाखाली घरची गच्चीच हवी. म्हणून मागच्या खेपेला त्याने सिंगापूरहून एक माउंट आणला. माउंट म्हणजे दुर्बिणीला ताऱ्याबरोबर हळूहळू फिरवत नेणारं यंत्र. हा नव्या पद्धतीचा होता. आत दातेरी, पातळ पोलादी कडं. ते किंचित वाकत दुसऱ्या कड्याच्या दातांत घट्ट बसतं आणि पुढे सरकतं.

"याच्यात प्ले नसतो," ईश्वर कौतुकाने म्हणाला. दाते सैल असले की चाक उलटं फिरवताना सुरुवातीला नुसतंच फिरतं, त्याला तो प्ले म्हणे. इंजिनवाल्या माणसाचा हा जन्माचा वैरी.

तरीही मृगातल्या तेजोमेघाचा फोटो जमेना. तारे गोल ठिपक्यांऐवजी तांदळाच्या दाण्यासारखे लांबट येत. तेवढ्यात सुट्टी संपली. जळगाव स्टेशनवर गाडीत चढताना तो म्हणाला, "झाकून ठेव ते. पुढच्या वेळी बघू."

तिने झाकून ठेवलं नाही. तो गेल्यावर घर नेहमीसारखं रिकामं झालं, पण या वेळी त्याच्या हातचं काहीतरी अर्धवट गच्चीवर उभं होतं. संध्याकाळी परतली की ती लॅपटॉप घेऊन वर जायची. सासू सुंदरबाई जिन्यात बसून बघायची.

"काय दिसतं व तुले त्यात?"

"तारा हलतो का ते बघते, आई."

"तो त हालतोच. माहा ईश्वर कुठी हाये, ते दिसतं का त्याच्यात?"

ज्योत्स्ना पुन्हा लॅपटॉपकडे वळली.

मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण आणि कॅमेरा होता. तो एकच तारा धरून बसायचा. तारा जागचा सरकला की लॅपटॉप माउंटला सांगायचा, जरा मागे ये. याला गायडिंग म्हणतात. फोन लागला तशी ईश्वरने तिला तपासणी शिकवली. माउंट उत्तरेकडे थोडा थोडा सरकव, मग दक्षिणेकडे उलटा फिरव, आणि तारा लगेच परततो का बघ.

"फिरवलं?"

"फिरवलं."

"मग?"

"तारा तिथेच आहे."

"अजून दे."

"तिथेच आहे हो... थांबा, आता निघाला!"

पलीकडे इंजिनाची घरघर. "म्हणजे प्ले आहे," तो म्हणाला. "असायला नको." आणि फोन तुटला.

पुढचे काही दिवस जहाज रेंजमध्ये नव्हतं. तिने दुर्बिणीची पकड आवळली, लोंबणारी वायर बांधून टाकली आणि पुन्हा तपासलं. फरक पडला नाही. पुन्हा फोन आला तेव्हा त्याने विचार करून ठेवला होता.

"कड्यात नसणार. मोटरपासून कड्यापर्यंत छोटा पट्टा असतो, तो सैल असेल. झाकण खोल."

"मी? एवढं महागाचं यंत्र?"

"मी तिथे असतो तर..."

रविवारी दुपारी तिने ओट्यावर चादर अंथरून झाकण खोललं. चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवणाऱ्या हाताने एकेक स्क्रू वाटीत काढून ठेवला. पट्टा बोटाने दाबला तर सहज दबत होता. तिने मोटर थोडी सरकवून तो ताणला. पहिल्यांदा फार ताणला गेला, मोटर कण्हू लागली. मग अगदी केसभर सैल केला. त्या संध्याकाळी उलट फिरवताच तारा परतला.

पूर्व-पश्चिम मात्र अजून डुलत होतं. ते त्या वाकणाऱ्या कड्याचं स्वतःचं डुलणं होतं आणि कॅमेरा ताऱ्याकडे फार वेळाने एकदा बघत होता. तिने त्याला दर सेकंदाला बघायला लावलं आणि दुरुस्त्या हलक्या ठेवल्या. ताऱ्याचं सरकणं दाखवणारी पडद्यावरची नागमोडी रेघ हळूहळू शांत झाली.

मृगाचा फोटो आला. तेजोमेघ गुलाबी, तारे गोल. तिने पाठवला. उत्तर आलं ते जहाज बंदराला लागल्यावर.

"सगळ्यांना दाखवला," ईश्वर म्हणाला. "आमच्या गच्चीवरून काढलाय म्हटलं. कॅप्टन म्हणाला, तू कुठे होतास? काय सांगू?"

तो आला श्रावणात. ढग हटेनात. सुट्टीभर एक तारा दिसला नाही. मग एका संध्याकाळी दोघांनी दूरच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा धरला. त्याने माउंट उलटा फिरवला. दिवा लगेच परतला. त्याने पुन्हा फिरवला, परत फिरवला.

"छान बसवलास गं पट्टा," तो म्हणाला. तिचा हात त्याने बराच वेळ सोडला नाही.

गणपती बसायच्या आधीच त्याला निघावं लागलं. चार दिवसांनी आकाश उघडलं, धुतल्यासारखं स्वच्छ. मृग इतक्या लवकर उगवणार नव्हता. ज्योत्स्नाने पहिल्यांदाच त्याला न विचारता ठरवलं आणि दुर्बीण ईशान्येला देवयानी तारकासमूहाकडे वळवली. गायडिंगची रेघ सरळ चालली होती.

"जेवाले ये व," खालून सुंदरबाईने हाक मारली.

"आले, आई. तुम्हीच या थोडं वर. बघायला."